पागोळ्यांच्या आतला निवडुंग

निवडुंगावर सोडायचे किडे वाढवण्यात त्याची तीस वर्षं गेली, म्हणून सारं शेतकी खातं त्याला किडेमास्तर म्हणे. कापसाच्या कणांसारखे हे पांढरे किडे निवडुंगाचा रस शोषून त्याला वाळवतात. त्यांचं पथ्य एकच. पिल्लं नवी असताना पंधरा दिवस कोरडे हवेत. जोराची सर आली की धुऊन जातात.

थोरल्या बहिणीच्या माळावर निवडुंग माजला होता. शेळ्यांना चरायला जागा उरली नाही, तर त्या विकून तिने शहरात मुलाकडे जायचं, असं ठरलेलं. तिचा पाय घरातून निघत नव्हता.

मास्तर किडे लागलेले निवडुंगाचे चपटे फडे घेऊन आला. दोघं ते निवडुंगावर बांधत फिरली.

"बाळ, आता पाऊस ये म्हणू की नको म्हणू?"

"पंधरा दिवस नको म्हण, अक्का."

"म्हणजे शेळ्या उपाशी आणि किड्यांना मेजवानी! भाऊ असावा तर असा."

शेवटचा फडा तिने घरामागे, भिंतीलगतच्या निवडुंगाला बांधला.

"तिथे कशाला? शेळ्या काय भिंत चरणार आहेत?"

"असू दे. पाहुणे आहेत. एकाला तरी छपराखाली ठेवू."

मास्तर पोट धरून हसला.

नवव्या दिवशी आभाळ फाटलं, ते चार दिवस. मास्तर धावत आला. माळावरचे फडे घासल्या भांड्यांसारखे लख्ख होते. गवत मात्र तरारलं होतं, काट्यांच्या पलीकडे. शेळ्या अलीकडून बघत उभ्या.

"पुन्हा किडे तयार व्हायला चार महिने लागतील," तो खाली बघत म्हणाला.

"मी थांबेन रे. पण शेळ्यांना कोण सांगणार?"

आठवड्यात गोठा रिकामा झाला आणि घराला कुलूप लागलं.

दोन महिन्यांनी मास्तर घर बघायला गेला. मागे वळला आणि थबकला. पागोळ्या पडतात त्या रेघेच्या आत, छपराखाली, निवडुंग पांढराफटक होऊन कोसळला होता. पाऊस तिथवर पोचलाच नव्हता. पावसानंतर मास्तरने सगळा माळ पालथा घातला, पण इथे डोकावलासुद्धा नव्हता. इथलेच किडे पुन्हा माळावर सोडता आले असते; थांबायला अक्काला एवढंच पुरलं असतं.

त्याने एक किडा चिरडला. त्याच्या आतल्या रंगाने बोटं लालभडक झाली. तेवढ्यात फोन वाजला.

"घर ठीक आहे ना रे? आणि माझा तो पाहुणा?"

मास्तरने बोटं शर्टाला पुसली. डाग पसरला.

"तोही वाहून गेला, अक्का."