दत्ताकाकांचा कावळा

आमच्या दहिसरच्या चाळीत कुणी गेलं, की दहाव्याला दत्ताकाका परब हवेतच. पिंडाला कावळा शिवेना, की काका मुलाच्या पाठीवर थाप मारत, "बोल रे, काय रवलां आसात तां बोल. कावळो ऐकता." मुलगा हात जोडून आईला सांभाळायचं कबूल करी आणि बहुतेकदा कावळा उतरे. पण मुलाला हुंदका आला, की काकांचा आवाज चढलाच. "बापयान रडान कसां चलात? पुरुष ना तू? चल, आंघोळ कर!" माझे वडील गेले तेव्हा मीही ती थाप खाल्ली आणि रडू गिळलं.

बायकोचं कौतुकसुद्धा ते रागावल्यासारखं करत. "आमटी खाण्यासारखी झाली हा," एवढं म्हणाले, की काकी दिवसभर खूश.

काकी गेल्या तेव्हा काकांनी सगळं स्वतः केलं. डोळ्यांत टिपूस नाही. 'काय घट्ट माणूस!' असं चाळभर झालं. दहाव्याला मात्र कावळा भिंतीवरून हलेना. लेकीने बोलून पाहिलं. शेवटी मी म्हटलं, "काका, तुम्ही बोला." ते पुढे झाले, हात जोडले, ओठ हलले. मग मागे उभ्या असलेल्या आम्हा पुरुषांकडे पाहून त्यांनी घसा खाकरला. "भटजींका उशीर होता," म्हणाले. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून काका गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यासाठी भात ठेवू लागले. आमचं दार शेजारीच. दात घासता घासता मला ऐकू येई, "अगो, पेज आज पातळ झाली. तुझ्यासारखी जमना नाय." एका सकाळी आवाज फुटलाच. "माका करमना नाय गो."

मला ठसका लागला. काकांनी झटक्यात हात उगारला, "हट्! घाण करतत मेले!" कावळा उडाला. त्या दिवसापासून मी दात आत मोरीत घासायला लागलो.

यंदा काका गेले. दहाव्याला काय बोलायचं, ते मी मनाशी ठरवून गेलो होतो. तुमच्याशिवाय चाळ सुनी वाटते, एवढंच. पण पिंड ठेवून आम्ही मागे सरलो, तोच कावळा उतरला.

"सुटला माणूस! मागे काही राहिलं नाही बघ," कुणीतरी म्हणालं आणि सगळे चपला शोधू लागले.

मी हात जोडून तसाच उभा राहिलो. मला अजून बोलायचं होतं.