मामींचे खडे

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुटीत प्राध्यापकांनी मला एक काम दिलं. बैलांची मोट विहिरीतून तासाला किती पाणी काढते, ते मोजून आणायचं. तेलावर चालणाऱ्या पंपाशी ते आकडे त्यांना ताडून पाहायचे होते. पुण्याच्या त्या कॉलेजात मी मध्यप्रांत-वऱ्हाडातला, म्हणजे जवळजवळ परका, आणि माझ्या बोलण्याला हसणारे पुष्कळ. म्हटलं, असे चोख आकडे नेतो की यांची तोंडं बंद होतील.

मलकापूरहून दोन कोसांवर वडिलांच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं मिरचीचं ओलित होतं. त्यांना मी मामा म्हणायचो. आठ दिवस रोज सकाळी घड्याळ आणि वही घेऊन मी त्यांच्या विहिरीवर ठाण मांडलं. मोट वर आली की वहीत एक रेघ. मामी पलीकडे वाफ्यांना पाणी द्यायच्या, पण त्यांच्याकडे माझं लक्षही नसायचं. तासाला चाळीस मोटा, कधी एखादी जास्तच. आकडे इतके जुळत होते की मी स्वतःवरच खूश होतो.

नवव्या दिवशी आईनं दिलेल्या कुरडया पोचवायला उन्हं कलल्यावर गेलो. हातात वही नव्हती. लांबूनच दिसलं, मोट निवांत चालली होती. बैल मध्येच थांबत होते, मामा चिलीम ओढत होते. मोट ठिगळांची होती आणि तिच्यातलं बरंचसं पाणी परत विहिरीत गळत होतं. आठ दिवस मी पाहिलेली नवीकोरी मोट शेजाऱ्याची निघाली, माझ्यासाठी मागून आणलेली. डाव्या बैलाचा खांदा सोलवटला होता, त्यावर हळद भरली होती.

"मामा, असं काऊन केलं?"

"तुमी घड्याळ घेऊन बसले होते, भाऊ. बैल थांबले असते तं तुमी लिहिलं असतं, याची जोडी निकामी हाय. पुण्यात वाचलं असतं ना लोकायनं."

त्या बैलाकडे मला पाहवेना. माझ्या वहीतला एकही आकडा मी बदललेला नव्हता, आणि सगळी वही खोटी होती. तशीच दिली असती तर कुणाला कळलं नसतं. मोह झालाच. पण घरी जाऊन आठही पानांवर काट मारली.

आता मोजायचं कसं? मी बसलो की मामा बैल पिटाळणारच. शेवटी मामीच म्हणाल्या, "मी ठेवीन मोजून." एका मोटेला एक खडा, पदरात. मी दूरच्या आंब्याखाली बसून मोटेच्या चाकाची कुरकुर कधी सुरू झाली, कधी थांबली, तेवढं टिपायचो. पाच दिवस असं चाललं. तासाला जेमतेम पंचवीस मोटा निघाल्या.

"मामी, ते आठ दिवस खरे नाहीत, हे तुमाले ठाऊक होतं?"

"हाव. तुमी मले इचारलंच नाही."

कॉलेजात द्यायचा कागद छापील नमुन्याचा होता. काट मारलेली पानं त्याला जोडून काट का मारली ते मी सविस्तर लिहिलं, नंतर खडे टाकून मोजल्याचंही लिहिलं. प्राध्यापक वर्गासमोर म्हणाले, स्वतःची चूक स्वतः सांगणं, हेच खरं संशोधन. हसणारे गप्प झाले. मी मान खाली घालून उभा होतो, आणि सगळ्यांना तो विनय वाटला.

कागदाच्या शेवटी एक रकाना होता : मोजणी कोणी केली. पाचही दिवसांपुढे मी माझं नाव लिहिलं होतं.