शेठचा स्क्रीन आणि घडीखातं

मला त्या मिलची किळस आली ती घाणीमुळे नाही. रंगाच्या पाण्याचा वास, बॉयलरची राख, हे सुरतेत वाढलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं. किळस आली एका सेटिंगमुळे.

मी सुरतेतल्या डिंडोलीचा, आईवडील खानदेशातून आलेले. साड्यांच्या मोठ्या मिलमध्ये डेटाबेस सांभाळायची नोकरी लागली तेव्हा घरी कोण कौतुक. त्याच मिलच्या घडीखात्यात, म्हणजे साड्यांच्या घड्या घालून पिशवीत भरतात तिथे, माझी वहिनी होती. तिचं बाळ अंगावर पिणारं. सकाळी पाजून निघायची, संध्याकाळी सुटली की धावत घरी. भावाच्या हाताला तेव्हा काम नव्हतं, त्यामुळे घरी बसणं तिला शक्य नव्हतं.

मिलची एक रीत होती. रोज संध्याकाळी सुट्टीच्या आधी कम्प्युटरमधून मेळाची यादी निघायची: लॉटमधून साड्या किती आल्या, घड्या किती झाल्या. मेळ बसल्याशिवाय घडीखात्यातल्या बायकांना गेटबाहेर सोडायचं नाही. का, तर एखादी पदराखालून साडी नेईल. साहेबलोकांच्या गाड्यांची डिकी कुणी उघडून बघत नव्हतं. पण यादी वेळेवर यायची, म्हणून बायकाही काही बोलत नव्हत्या.

मग नवं सॉफ्टवेअर आलं. डेटाबेसला काही विचारलं की उत्तर कुठल्या वाटेनं शोधायचं, ते त्यातला ऑप्टिमायझर ठरवतो. त्याला दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक, पहिल्या चार ओळी झटपट दाखव, बाकीच्या निघतील तेव्हा निघोत. दुसरी, सगळं काम लवकर संपव, पहिली ओळ जरा उशिरा दिसली तरी चालेल. समोर गिऱ्हाईक बसलं असेल तर पहिली बरी, लांबलचक यादीला दुसरी. यात ब्रह्मज्ञान काही नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांचा सल्लागार शेठना दाखवायला बसला तेव्हा दुसरी तऱ्हा चालू होती. शेठनी साठा विचारला, स्क्रीन क्षणभर रिकामा राहिला. शेठचं तोंड वाकडं झालं. "पार्टी सामने बैठी हो और ये गोल-गोल घूमता रहे?" कापडबाजारात उभा जन्म गेलेला माणूस. ताग्याची वरची घडी चोळून बघायची आणि सौदा ठोकायचा, आत काय निघेल ते घेणाऱ्याचं नशीब. कम्प्युटरही त्यांनी तसाच चोळून बघितला. सल्लागारानं तिथल्या तिथे अख्ख्या डेटाबेसला पहिली तऱ्हा लावून दिली. ओळी टपाटप आल्या, शेठ खूश, चहा मागवला गेला.

त्या दिवसापासून मेळाची यादी रखडली. सांडलेली ज्वारी चिमटीनं एकेक दाणा उचलावी, तसा तो डेटाबेस ओळी वेचत बसायचा. तोवर बायका गेटपाशी फरशीवर. वहिनी छातीवर पदर घट्ट धरून बसायची, कारण ब्लाउज दुधानं भिजायचा आणि गेटवरचे मेले टक लावून बघायचे. मला बघून म्हणायची, "भाऊ, तुन्हा कम्प्युटरले काय व्हयनं? मन्हा पोऱ्या रडत व्हई घर."

मी सल्लागाराला गाठलं. म्हटलं, शेठचा स्क्रीन आहे तसा राहू द्या, फक्त यादीच्या प्रोग्रामला दुसरी तऱ्हा लावा, एका ओळीचं काम आहे. प्रोग्राम त्यांच्या ताब्यात, मला हात लावायची परवानगी नव्हती. तो म्हणाला, "आता बदललं तर शेठ विचारतील आधी का नाही केलं." मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, "बायकाच आहेत, बसतील गप्पा मारत." मग त्यानं नवा सर्व्हर आणवला. रोग रेड्याला अन् औषध पखालीला. सेटिंग तीच, मग व्हायचं काय? त्या दोघांबरोबर कँटीनमध्ये जेवायला बसणं मी सोडलं.

आणि सुधारलं कसं ते ऐका. शेठाणी घरच्या लग्नासाठी साड्या निवडायला मिलमध्ये आल्या. गेटवरचा माणूस नवा, हुकमाचा पक्का. मेळ बसल्याशिवाय साडी बाहेर जाणार नाही म्हणाला आणि गाडी अडवली. बायका फरशीवर, शेठाणी एसी गाडीत. शेठ तरातरा खाली आले, सल्लागाराला फोन गेला. फोनवरच काम झालं, एक ओळ. दुसऱ्या दिवशी यादी सुट्टीच्या आधी तयार. सल्लागाराची पाठ थोपटली गेली, त्याला पेढ्याचा पुडा मिळाला. गेटवाल्याला काढलं. त्या हलकट माणसांवर मी मनात थुंकलो, आणि महिनाअखेरीला त्यांनीच दिलेला पगार सही करून घेतला.

वहिनी त्या दिवशी उजेडात घरी आली. पाय धुतले, भिंतीला टेकून बसली, बाळाला पदराखाली घेतलं. त्यानं थोडं चोखलं आणि ते रडायला लागलं. तिनं बाजू बदलून बघितली. पुन्हा तेच. रोजच्या उशिरानं दूध आटत गेलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिनंच ते मानलं नव्हतं. आई बाटली भरायला उठली. वहिनीनं ब्लाउजची बटणं लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आते टायमावर येस मी. काय कामनं?"