जाड तारेची खिट्टी

सहावीत असताना डेल्फिना ओचोआ वर्गातल्या सगळ्या मुलींपेक्षा वीतभर उंच होती, आणि एवढ्यावरच तिच्या नशिबी डबल बास आला, माणसाहून उंच, उभं धरून वाजवायचं खर्जातलं व्हायोलिनच म्हणा ना. शाळेत वाद्यं वाटायची रीतच तशी. बुटक्यांना व्हायोलिन, ताडमाडांना बास. तिच्या काकाला ही वाटणी भारी आवडली. ते राहत त्या टेक्सासच्या दक्षिण टोकाला लग्नातल्या बँडमध्ये पोल्का नाचाचा ठेका हेच वाद्य धरतं. दर रविवारी बार्बाकोआचे, म्हणजे मंद आचेवर शिजवलेल्या मांसाचे टाको खाता खाता काका विचारायचा, "काय गं, नाचता येईल असं काही शिकवलं का, की अजून तुमचं रडगाणंच चालू?"

नाचण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. राज्याच्या विद्यार्थी ऑर्केस्ट्रात जागा हवी तर दर हिवाळ्यात सगळ्या पोरांनी सारखेच तुकडे तयार करायचे, आणि ते तुकडे असे की पगारी वादकांनाही घाम फुटावा. बासवाल्यांचं दुःख आणखी निराळं. बोटं सोलवटून घ्यायची आणि मैफलीनंतर आईने म्हणायचं, "छान झालं हो, पण तू नक्की कुठला आवाज काढत होतीस?"

मागच्या वर्षी डेल्फिना विभागात पाचवी आली होती. पुढे जातात चौघं. पाचव्याने घरी बसून वरचं कुणी आजारी पडायची वाट बघायची. चौघांपैकी एकालाही साधी शिंक आली नाही. आता तिचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, म्हणजे ही शेवटची संधी.

शाळेत धड असा बास एकच, आणि त्यावर दोघांचा सराव चाले, तिचा आणि दोन वर्षं मागे असलेल्या टाडेओचा. टाडेओला गज धरायला तिनेच शिकवलं होतं. या हिवाळ्यात मात्र तो तिच्यापेक्षा चांगला वाजवत होता. कुणी तसं बोललं नव्हतं, ऑर्केस्ट्रा शिकवणाऱ्या मिस कांतूही नाहीत. पण कानांना काय झाकण असतं? जी ओळ बसवायला तिला पंधरवडा लागे, ती हा पोरगा जेवणाच्या सुट्टीत बसवून मोकळा. तिला त्याचा अभिमान वाटायचा आणि पोटात जळायचंही. दोन्ही खरं होतं.

त्या बासच्या सगळ्यात जाड तारेला वर एक जादा लांबी जोडलेली होती आणि तिथे एक लाकडी खिट्टी होती. खिट्टी लावलेली असली की तार नेहमीच्या सुरात वाजते. उघडी राहिली की तीच सुटी तार आणखी खोल जाऊन गुरगुरते. परीक्षेतला पहिला, जलद तुकडा खिट्टी लावून वाजवायचा होता आणि शेवटचा, संथ तुकडा उघडून. म्हणून दोघांनी एक नियम केला होता. ज्याचं वाजवून झालं त्याने खिट्टी लावायची आणि बास देताना म्हणायचं, "लावली." घेणाऱ्याने पुन्हा तपासायचं नाही. "तपासलं म्हणजे तुझ्यावर भरवसा नाही असं होईल ना," हे टाडेओच म्हणाला होता.

निवड जानेवारीत शेजारच्या गावातल्या शाळेत होती. परीक्षक पडद्याआड बसलेले, वाजवणाऱ्याला नाव नाही, फक्त क्रमांक. आत तोंडातून शब्द काढायचा नाही. पहिला सूर निघाला की पुन्हा सुरुवात नाही. आणि बाहेरून ज्या मुलाने दार उघडलं, तो बाद.

आधी डेल्फिना गेली. जलद तुकडा निभावला. संथ तुकड्यात मात्र हात वर सरकवताना एक सूर निसटला, आणि तो तिला सोडेना. ती बाहेर आली ती तोच सूर डोक्यात घेऊन.

"कसं झालं गं?" टाडेओने विचारलं.

"पार वाट लागली. तू जा, दारावरच्या बाई बोलावतायत."

"थांब, हात पुसू दे."

"जा ना बाबा!"

तिने बास त्याच्या हातात दिला. दार लागलं. ती भिंतीला टेकून बसली, बोटांना लागलेली गजाची राळ पुसू लागली, आणि पुसता पुसताच तिला आठवलं. खिट्टी उघडीच होती.

ती ताडकन उठली. दाराच्या मुठीवर हात गेला. आतून स्टूल सरकवल्याचा आवाज येत होता, म्हणजे अजून वेळ होता. दार उघडलं असतं तर ती बाद झाली असती, पण खरं सांगायचं तर ते तिच्या मनात नंतर आलं. आधी आलं ते हे, की टाडेओ गळाला तर एक जागा मोकळी होते. एका श्वासापुरतंच आलं. तेवढ्यात आत जाड तार भलत्याच खोल सुरात गुरगुरली.

मग टाडेओ पुढे वाजवू लागला, त्या सुट्या तारेचा सूर येईल तिथे तिथे तो वरच्या सप्तकात घेऊन. कागदावर ते चूकच, पण वाजवलं त्याने देखणं. डेल्फिनाचा हात मुठीवरच होता.

दुपारी यादी लागली. डेल्फिना चौथी, टाडेओ पाचवा.

"मीच बघायला हवं होतं, मिस," तो मिस कांतूंना म्हणाला. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि डेल्फिनाला मिठी मारली. ती मिठी तिला सहन होईना.

बसमध्ये बास चढवताना दोघंच होते. ती म्हणाली, "टाडेओ, तू वाजवायच्या आधीच मला आठवलं होतं."

"काय?"

"खिट्टी. माझा हात दारावर होता."

"मग?"

"मग काही नाही. उघडलं नाही मी."

ती घाईघाईने म्हणाली, "मी नाव काढून घेते. पाचवा तूच आहेस, जागा तुलाच मिळेल."

"भीक नको मला." बास आडवा ठेवून त्याने त्यावर गोधडी नीट ओढली, तिच्याकडे न बघता. "तू जा. आणि नीट वाजव. माझ्या खुर्चीवर बसून एक जरी सूर चुकलीस ना, तर जन्मात माफ नाही करणार तुला."

नीट वाजवलंस तर माफ करेन, असं मात्र तो म्हणाला नाही. फेब्रुवारीत डेल्फिना राज्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला गेली, आणि एकही सूर चुकली नाही.