शांत वस्तीतलं आमचं घर

आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे जमिनीवर पालथे पडलो होतो, आणि तो नमस्कार नव्हता.

नमस्कार असता तर गुरुजी आमच्यासोबत पालथे पडले नसते!

त्याचं असं झालं. लग्न झाल्यापासून आम्ही जबलपुरात, नेपियर टाउनमध्ये भाड्यानं राहत होतो. खाली कोचिंग क्लास, समोर दवाखाना आणि मधल्या रस्त्यावर दिवसभर ऑटोंचे हॉर्न. त्या गोंगाटात मी आणि सुनंदा (म्हणजे आमची सौ.) एकाच घरात असून एकमेकांशी फोनवर बोलायचो. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर व्हायच्या आत स्वतःचं घर घ्यायचं, आणि ते शांत वस्तीतच घ्यायचं, एवढं एकच आमचं स्वप्न होतं.

शहराच्या पार टोकाला दुबेजी नावाच्या गृहस्थांचं घर विकायला निघाल्याचं कळलं. ते घर मी असं तपासलं की डॉक्टरनं पेशंटला तपासू नये! नळ सोडून पाहिले. भिंतींवर टिचक्या मारल्या. ओलीचा वास येतो का, म्हणून भिंतीला नाक लावलं. (दुबेजींना वाटलं, मी भिंतीचा मुका घेऊन राहिलो. ते बिचारे दुसरीकडे पाहू लागले.) कागद वकिलाला दाखवले. पावसात पाणी तुंबतं का, ते कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं. सुनंदानं स्वयंपाकघराची दिशा पाहिली. आमची कॉलेजात जाणारी रुची मोबाइल उंच धरून गच्चीभर फिरली.

"पापा, नेटवर्क एकदम मस्त आहे!" ती वरून ओरडली.

"आणि शांतता पाहा न!" मी म्हणालो. "झाडावरचा पोपट बोलतो तर त्याचा शब्द न शब्द ऐकू येऊन राहिला!"

"हां भैया, आज तो बहुत शांति है," दुबेजी म्हणाले.

त्या 'आज'कडे माझं लक्ष गेलं नाही. गेलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती!

पुढं सुट्टीच्या दिवशी दोनचारदा आणखी जाऊन आलो, दर वेळी तोच पोपट, तीच शांतता. घर घेतलं. भविष्य निर्वाह निधी, सुनंदाच्या दोन बांगड्या, सगळं त्यात गेलं.

वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला बुधवारचा. अमरावतीहून सुनंदाचे बबनमामा आले. मामा फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले. मामा रिटायर झाले, पण त्यांचा आवाज अजून नोकरीतच होता. होम पेटला. गुरुजींनी डोळे मिटले. स्वयंपाकघरात सुनंदा दूध उतू जायची वाट पाहत उभी होती. गुरुजी मोठ्या भक्तिभावानं म्हणाले, "ॐ शांतिः, शांतिः, शां..."

धडाSSम!

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मांडणीवरची भांडी एकामागून एक खाली आली. कलशावरचा नारळ टुणकन उडाला आणि गडगडत सोफ्याखाली गेला. दूध उतू गेलं नाही, पातेल्यासकट ओट्यावरून खाली गेलं!

"अगं माय!" सुनंदा किंचाळली. "सिलिंडर फुटला!"

"भूकंप है, भूकंप!" रुची.

मी आधी छताकडे पाहिलं. ते जागेवर होतं.

तेवढ्यात मामांमधला हवालदार जागा झाला. "हमला! लेट जाओ! सब लेट जाओ!"

त्या आवाजापुढं कोणाची उभं राहायची हिंमत? मी पितांबरासकट पालथा. सुनंदा नऊवारीसकट पालथी. गुरुजी तर हुकूम संपायच्या आधीच पालथे!

"कोहनी अंदर! डोकं खाली!" मामा कोपरांवर सरपटत खिडकीकडे निघाले. "जावई, शत्रू पूर्वेकडं आहे!"

"मामा, पूर्वेकडं देवघर आहे," मी जमिनीशी पुटपुटलो.

धडाSSम!

दुसरा! गुरुजींनी आता मंत्र सोडून आईचं नाव घेतलं. आणि याच क्षणी दारात शेजारच्या तिवारी भाभी उभ्या राहिल्या. हातात मिठाईचा डबा, चेहऱ्यावर हसू. आम्हाला सगळ्यांना असं रांगेत पसरलेलं पाहून त्या चपला काढता काढता थांबल्या.

"अरे वा," त्या आदरानं म्हणाल्या, "आप मराठी लोगों में ऐसी पूजा होती है?"

"भाभी, लेट जाइए! बम!" मी ओरडलो.

"कहाँ? अच्छा, ये?" भाभी हसायला लागल्या. "ये तो फैक्टरी की रेंज है भैयाजी. नए गोले बनते हैं, तो तोप से चलाकर देखते हैं. रोज का है!"

रोजचं! सुनंदानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दोन धमाक्यांपेक्षा ती नजर जास्त जोरात लागली.

जेवायला बोलावलेले दुबेजी थोड्या वेळानं आले. मी त्यांना फाटकातच गाठलं.

"दुबेजी! आपने बताया क्यों नहीं?"

"मैंने तो कहा था, सोमवार को आइए," दुबेजी शांतपणे म्हणाले. "आप ही बोले, नहीं, इतवार को छुट्टी में तसल्ली से देखेंगे. इतवार को रेंज बंद रहती है."

"पर बताना तो था!"

"आपने पूछा कहाँ भैया? नल का पूछा, दीवार का पूछा, तोते का पूछा. तोप का पूछा ही नहीं!"

घराला डोळे लावले, नाक लावलं, कान लावले ते मात्र नेमके सुट्टीच्या दिवशी!

"मी चालली अमरावतीले," सुनंदानं संध्याकाळी जाहीर केलं. "तुम्ही बसा तुमच्या पोपटासंगं!"

ती गेली नाही, कारण मामाच अमरावतीला परत जायला तयार होईनात. दोन दिवसांसाठी आलेला माणूस चांगला महिनाभर राहिला! रोज सकाळी दाढी करून, खुर्ची टाकून, ते गच्चीत आवाजाची वाट पाहत बसत. त्यांनी सुनंदाला शिकवलं, हा मोठा, हा लहान, हा दुरून आला. आता ती पोळी लाटता लाटता म्हणते, "आजचा जरा फुसका होता, नाही?" रुची तर धडाडत्या दुपारी परीक्षेचा अभ्यास करते. घरात सगळ्यांना सवय झाली.

परवा सुट्टी काढून घरी होतो, तर ऑफिसातले देशमुख घर पाहायला आले. आम्ही जेवणाच्या टेबलाशी चहाला बसलो आणि धडाSSम! मी त्यांना लगेच धीर दिला, "घाबरू नका देशमुख. काही नाही, रेंज आहे. राहिलं की सवय होते."

"मी कुठं घाबरलो साहेब?" देशमुख खाली वाकून म्हणाले. "पण तुम्ही टेबलाखालून काहून बोलून राहिले?"