एकाच नावाचे दोन सैनिक

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कात अकरा वर्षं काढल्यावर कुठल्याही यादीचं अप्रूप राहत नाही. बँकेचे खातेदार झाले, विमेवाले झाले, मागच्या वर्षी सैनिक आले. अमेरिकेतल्या एका गावात शौर्यपदकं मिळवलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक होणार होतं. दगडावर कोरायची नावं तपासून, दोनदा आलेली एकदाच ठेवायची, एवढंच आमचं काम.

एके ठिकाणी तेच नाव, तेच मधलं नाव, तेच आडनाव, गावही तेच. फक्त एक पदक पहिल्या महायुद्धातलं, एक दुसऱ्यातलं. म्हटलं, घातलाय कुणीतरी घोळ. आपल्याकडे मधलं नाव बापाचं; बाप आणि मुलगा अख्ख्या नावानिशी सारखे असतील, हे माझ्या डोक्यात येणार तरी कुठून? पहिल्या महायुद्धाच्या ओळीत माहिती जास्त भरलेली होती. ती ठेवली, दुसरी उडवली. विचारायला हवं होतं. पण खरं सांगते, मला कंटाळा आला होता.

दगड कोरून उभा राहिला आणि तिकडून मेल आला. एक बाई म्हणत होत्या, आमच्या घरचे दोघं होते, भिंतीवर एकच आहे.

मीटिंग आमच्या सकाळी ठेवली. माझ्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावरचा पसारा बाजूला सारून मी लॅपटॉप उघडला. समोर स्क्रीनवर त्या मेलवाल्या बाई, ऐंशी पार केलेल्या आजी. आमचे साहेब त्यांना प्रोसेस समजावत बसले: दुरुस्ती दुसऱ्या टप्प्यात होईल, तो कधी ते अजून ठरलेलं नाही. ऐकून माझं डोकंच फिरलं. मी मध्येच बोलले, की प्रोसेस वगैरे काही नाही, ती ओळ मी काढली.

आजींनी आवाज चढवला नाही. “मग भिंतीवर आहेत ते कोण? आजोबा, की माझे वडील?”

“आजोबा.”

त्यांनी मान हलवली. वडिलांच्या पदकाची शिफारस वरच्या गोऱ्या साहेबांनी दाबून ठेवली होती, असं त्यांनी सांगितलं. पदक घरी आलं तेव्हा वडील हयात नव्हते. घ्यायला ह्याच गेल्या होत्या.

“वडिलांना थांबायची सवय आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे तेवढे दिवस नाहीत.”