डाव्या कानातला आवाज

नगरमधल्या एका लहान खासगी रेडिओ केंद्रात मी निवेदक होते. हेडफोनच्या कोणत्या कानात काय ऐकायचं, ते माझ्या टेबलावरच्या दोन बटणांवर ठरे. मी उजव्या कानात प्रक्षेपण आणि डाव्या कानात नियंत्रण कक्ष लावत असे. दोन्ही कानांत प्रक्षेपण लावायची मुभा होती. तसं केलं की काचेपलीकडून केंद्रप्रमुखांना माझ्याशी बोलता येत नसे. मी तसं कधी केलं नाही.

एका सकाळी एका कारखान्याचे अध्यक्ष पाहुणे होते आणि श्रोत्यांचे फोन थेट प्रसारित होत होते. एका बाईंनी विचारलं, "सायेब, तुमच्या कारखान्याचं पानी आमच्या हिरीत उतरलंय. जनावरं बी तोंड लावत न्हाईत. आमी काय प्यायचं?"

डाव्या कानात प्रमुख म्हणाले, "मॅडम, कापा. ह्यांची वर्षभराची जाहिरात आहे."

मी फोनचं बटण बंद केलं आणि संपर्क तुटल्याचं सांगून गाणं लावलं. माझा आवाज जराही हलला नाही. प्रमुखांनी नंतर त्याचं कौतुक केलं.

कार्यक्रम संपल्यावर त्याच बाईंचा फोन आला. "ताई, रागावू नका. आमच्याकडं रेंजच लई वाईट हाय. सायेब गेले का?"

"गेले."

"मंग पुढल्या खेपेला गच्चीवर जाऊन लावते."

मी बरं म्हणाले. अध्यक्ष पुन्हा आले, तेव्हा श्रोत्यांचे फोन घ्यायचे नाहीत असं आधीच ठरलं होतं. मुलाखत मीच घेतली.